फुंकणीची गाडी

धानोऱ्याच्या हायस्कुलातले मुख्य लिपिक भिला दगा पाटील, म्हणजे गावाचे भिलाआप्पा, जन्मात एकदाच दारू प्यायले आणि तीसुद्धा तीर्थ म्हणून. हे त्यांनी रस्त्यावर पोलिसांना सांगितलं, नंतर वकिलाला सांगितलं. न्यायाधीशांनाही सांगायचा बेत होता, पण वकिलाने बाहीला धरून मागे ओढलं. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ते पटलं नाही. आणि तरी त्या वाक्यात खोटं असं फार नव्हतं. खोटं होतं ते पुढच्या वाक्यात.

झालं असं. शाळेतले प्रयोगशाळा सहायक जामसिंग यांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं, खांडबाऱ्याच्या पुढे थोड्या अंतरावर. आप्पा आपली पांढरी सात जणांची गाडी घेऊन एकटेच गेले. एरवी ती गाडी एकटी कधी जात नसे. मृदंग, पेटी, टाळांची पिशवी आणि चार-पाच गळे घेऊन ती पंचक्रोशीतल्या एकूण एक कीर्तनाला हजर असायची. कीर्तनाचं आप्पांना वेड. महाराज उत्तररंगात शिरले की आप्पांच्या डोळ्यांना धार लागायची, मग आख्यान कितव्यांदा का ऐकत असेनात. पत्नी धनुबाई शेजारच्या सीटवर, मागे मंडळ, आणि परतीच्या वाटेवर ऐकलेल्या चाली पुन्हा घोळवत यायचं, हा त्या दोघांचा संसारातला सर्वांत सुखाचा भाग होता. हे आप्पांना त्या वेळी ठाऊक नव्हतं. आपलं सुख कोणत्या सीटवर बसतं हे माणसाला ती सीट रिकामी झाल्यावरच कळतं.

तर लग्नाच्या मांडवात जामसिंगच्या म्हाताऱ्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे मोहाच्या दारूची पहिली धार जमिनीवर सोडली. देवांची नावं घेतली, गेलेल्यांची घेतली, आणि पळसपानांचा द्रोण पाहुण्यापुढे धरला. आप्पांच्या जागी आणखी कुणी असता तर हात जोडून सुटला असता. आप्पांना ते जमेना. देवाला दाखवून समोर आलेली वस्तू त्यांनी आजवर नाकारली नव्हती, मग शिरा करपलेला असो की पंचामृत आंबलेलं. त्यांनी टोपी सारखी केली, उजवा हात पुढे केला आणि डावा त्याखाली धरला.

"आप्पा, नुसतं ओठाला लावा," जामसिंग कानाशी म्हणाले. "मान झाला. आणि आज आता जाऊ नका. खाट टाकून ठेवली आहे. आमच्याकडे घेतलेला माणूस झोपतो, निघत नाही."

"जामसिंग, तीर्थ कुठं ओठाला लावतात का?" आप्पा म्हणाले.

तीर्थ तीनदा घेतात हे कोणीही सांगेल. आप्पांनी तीनदा घेतलं, प्रत्येक वेळी हात डोक्यावरून फिरवला. फरक इतकाच की देवळात पळी असते आणि इथं द्रोण होता. चौथा मात्र त्यांनी मागून घेतला. त्याला शास्त्राधार कोणता, हे त्यांना स्वतःलाही पुढे सापडलं नाही.

उन्हं कलताना नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. "काका, यात फुंका जरा," कोवळा हवालदार आदबीने म्हणाला. इथे आप्पांचा घात त्यांच्या कीर्तीने केला. गावच्या आरतीला शंख फुंकायचा मान त्यांचा. अर्ध्या दमाने फुंकणं त्यांना माहीतच नाही. त्यांनी डोळे मिटले, छाती भरली आणि त्या पिटुकल्या यंत्रात असा दम सोडला की हवालदार एक पाऊल मागे सरला. कायद्याची हद्द तीसची, आप्पांचा आकडा ब्याण्णव. "लई दिवसांत इतकी स्वच्छ फुंक मिळाली नव्हती," हवालदार म्हणाला, आणि आप्पांनी सवयीने त्याला नमस्कार केला.

घरी धनुबाईंनी एकच विचारलं, "कितली पिनात?"

"एकच," आप्पा म्हणाले. "एकच द्रोण. मानना."

हेच ते पुढचं वाक्य. त्याचं वजन कळायला धनुबाईंचा भाऊ अमृत ठाऊक हवा. अकरा वर्षांपूर्वी तो रस्त्याच्या कडेला मोटारसायकलची साखळी बसवत उभा होता, आणि एका पिकअपने त्याला तिथल्या तिथे संपवलं. त्या गाडीचा चालक कोर्टात हात जोडून म्हणाला होता, "साहेब, एकच घेतली होती." धनुबाई त्या दिवशी पहिल्या बाकावर होत्या. तेव्हापासून "एकच" हा शब्द कुणी उच्चारला, चहाच्या कपाबद्दल का असेना, तरी त्या मान वर करून बघत.

आता आप्पांच्या खटल्याच्या दिवशी त्या मागच्या बाकावर होत्या. कायद्यात सहा महिन्यांच्या कैदेचीही सोय आहे असं वकिलाने सांगितल्यापासून आप्पांनी घरातली पोथी पिशवीत घालून आणली होती, म्हणजे वेळ पडली तर आत तरी वाचन व्हावं. पण पहिलाच गुन्हा, तोही कबूल. दंडावर आणि परवान्याच्या तीन महिन्यांच्या निलंबनावर भागलं. जाता जाता न्यायाधीशांनी विचारलं, "या वयात, पाटील? किती घेतली होती?"

"एकच द्रोण, साहेब. मान म्हणून."

मागे बाक करकरला. आप्पांनी वळून पाहिलं तेव्हा धनुबाई दाराबाहेर पडत होत्या. त्या एकट्याच एसटीने घरी आल्या, आप्पांच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाल्या, "सरकार तुम्हना परवाना तीन महिनामा परत दी. मन्हं तसं नई. तुम्हनी गाडीमा मी आते बठाऊ नई."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर आप्पांना बरं वाटलं असतं.

तीन महिने आप्पा एसटीने हिंडले. पहिल्याच दिवशी वाहकाने तिकिटाचं यंत्र त्यांच्या तोंडापुढे धरलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आप्पा, पहिले फुंका, मंग तिकीट देस." पुढे हा विनोद इतका रुळला की चढताना शाळेतली पोरंही आपण होऊन फुंकायला लागली. स्टँडवर व्यसनमुक्तीचा मोठा फलक होता, गेल्या वर्षी सप्ताह समितीने लावलेला. त्यावर डावीकडे हात जोडून आप्पा आणि उजवीकडे समितीचे अध्यक्ष चुनीलालनाना. फलक काढावा तर नानांचा फोटो जातो, ठेवावा तर आप्पांचा राहतो. समितीने दोन बैठका घेऊन तोडगा काढला. आप्पांवर केळीच्या खताची जाहिरात चिकटवली. पण गोंद हलका होता. वारा सुटला की खताच्या पोत्याआडून आप्पांचे जोडलेले हात बाहेर यायचे.

चुनीलालनाना शेजारीच राहायचे. ते ओट्यावर येऊन बसले. "भिला, तुन्हावर कोनाना राग नई बरं. पन लोके काय म्हनतीन? औंदा सप्ताहना वीना दुसराले देऊत. आनि तू कोर्टमा म्हनी देता ना, वैदनं औषध व्हतं म्हनीसन! मी ऱ्हातो तर म्हनी देतो." नानांनी मग तोंडाचा वास घालवायचे सात उपाय सांगितले, ओव्यापासून ओल्या हळदीपर्यंत. ते इतके तपशीलवार होते की आप्पांना प्रथमच नानांविषयी कुतूहल वाटलं.

परवाना परत हवा तर उजळणीचा वर्ग करावा लागतो. नंदुरबारला दोन दिवस. शिकवायला नूतन मॅडम, म्हणजे आप्पांनी जिच्या दाखल्यावर बारा वर्षांपूर्वी शिक्का मारला होता ती नूतन. बाकांवर मिसरूड फुटलेली मुलं. "काका, तुमची केस काय? हेल्मेट?" एकाने विचारलं. आप्पा म्हणाले, "साधारण तसंच."

नूतन मॅडमनी फळ्यावर साठचा वेग लिहिला आणि म्हणाल्या, "शुद्धीतला माणूस समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय नेईपर्यंत गाडी किती पुढे जाते? पाटील सर, तुम्ही सांगा." आप्पा उभे राहिले. साठ वर्षांच्या उंबरठ्यावर, हाताची घडी घालून, चुकीचं उत्तर दिलं. मॅडमनी बरोबर आकडा लिहिला, सतरा मीटर. मग म्हणाल्या, "आणि प्यायलेला असेल तर? त्याला समोरचं दिसतंच उशिरा. तो आकडा पुस्तकात नाही, सर. तो रस्त्यावर लिहिलेला असतो." मुलं हसली नाहीत. आप्पा खाली बसले आणि त्यांनी वहीत तो सतराचा आकडा लिहून त्याखाली उगीच दोन रेघा मारल्या.

याच सुमारास आप्पांच्या बहिणीचा मुलगा भाग्येश अमेरिकेतून रजेवर आला. मामाची हकीकत ऐकून तो म्हणाला, "मामा, तिकडे असतात ना, तर परवाना असा नुसता मिळाला नसता. बऱ्याच राज्यांत गाडीत यंत्र बसवावं लागतं. नळीत फुंकायचं, तोंडाला वास असला की गाडी चालूच होत नाही. आणि चालू झाल्यावरही मध्येच विचारतं, पुन्हा फुंक."

"म्हणजे गाडीत तुझी मामीच बसवतात म्हण की."

"तसंच. आणि भाडं आपणच भरायचं."

आप्पांच्या मनात वीज चमकली. सरकारने न सांगता, आपल्या इच्छेने, असं यंत्र बसवलं तर? मग कोण अविश्वास दाखवील? "भाग्येश, असं यंत्र बसवल्यावर बायका गाडीत बसतात का रे?"

भाग्येश थोडा विचार करून म्हणाला, "मामा, यंत्रासोबत पुस्तक येतं. त्यात तसं काही लिहिलेलं नाही."

पण एकदा कल्पना डोक्यात शिरली की आप्पा पुस्तकाला मोजणारे नव्हते. तसलं यंत्र जिल्ह्यात कुठे मिळेना. गाडीची वायरिंग करणारा दिवाल्या मिस्तरी मात्र म्हणाला, "आप्पा, वास ओळखायचं डबडं ऑनलाइन येतं. पुढचं माझ्यावर सोडा." दिवाल्याने ते डबडं डॅशबोर्डला बसवलं, त्याला पितळी नळी जोडली आणि वायर स्टार्टरला दिली. हिरवा दिवा लागला तर गाडी चालू. लाल लागला तर बंद, वर भोंगा. भोंग्यासाठी त्याच्याकडे एकच वस्तू शिल्लक होती, टेम्पो मागे घेताना वाजणारी आरतीची धून. ती आप्पांना पसंत पडली. लाज वाटायची तर देवाच्या नावाने वाटलेली बरी.

गावाने त्याचं नाव फुंकणी ठेवलं, चुलीची असते तशी. आप्पांच्या परवान्याला अजून तीन आठवडे होते, तरी ते रोज सकाळी अंगणात गाडीत बसून फुंकत. धनुबाईंना स्वयंपाकघरातून दिसेल अशा बेताने गाडी उभी केलेली. हिरवा दिवा लागला की ते मोठ्याने खाकरत. धनुबाई भाकरी उलटत.

आणि फुंकणीचेही नखरे सुरू झाले. शाळेत हाताला लावायचं जंतुनाशक आलं, ते लावून आप्पा फुंकले; आरती सुरू. मागच्या सीटवर प्रसादाचा पिकून काळा पडलेला केळीचा घड दोन दिवस राहिला, आरती सुरू. शेजारची म्हातारी आरतीच्या आवाजाने दोनदा हात जोडून बाहेर आली आणि तिसऱ्यांदा शिव्या देत. चुनीलालनाना म्हणाले, "देखू, खरं शे का हाई," आणि गंमत म्हणून फुंकले. लाल दिवा, भोंगा, गल्लीत वीस माणसं. दुपारचे साडेबारा वाजले होते. "गुळनी मी आते... ते आपलं... खोकलानं औषध..." नाना बोलत बोलत घरात गेले ते दोन दिवस ओट्यावर आले नाहीत.

ही बातमी बायकांमध्ये पसरली, आणि मग मात्र आप्पांच्या हातात काही उरलं नाही. संध्याकाळी पाण्याचे हंडे भरून झाले की बायका आपापले नवरे घेऊन अंगणात यायला लागल्या. "चाला, फुंका. भिलाआप्पा बी फुंकस, तुम्हले काय व्हई ऱ्हायनं?" रांग फाटकाबाहेर जायची. पुरुषांनी आप्पांशी बोलणं टाकलं. एकाने तर वडिलांच्या नावाचा उद्धार केला. ज्या माणसामुळे गावातला प्यायलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजत होता, की 'भिलाआप्पासारखा भिलाआप्पा सापडला, तिथे आपलं काय', तोच आता घराघरातला बोभाटा करत होता. आणि इतकं करून गाडी जागची हलली नव्हती. फुंकून फुंकून बॅटरी उतरली. दिवाल्याने येऊन ती चार्ज केली आणि पितळी नळीला हळदकुंकू वाहिलेलं पाहून तोही क्षणभर चप्पल काढून उभा राहिला.

एकदा रांगेतली एक बाई ओट्यावरच्या धनुबाईंना म्हणाली, "तुम्हनं बेस शे वहिनी. यंत्र घरमाच शे. आते काय काळजी!"

धनुबाई तूर निवडत होत्या. "यंत्र आजनं सांगस माय," त्या म्हणाल्या. "त्या रोजनं कोन सांगी?"

आप्पा बॉनेटमागे उभे होते. त्यांना ते ऐकू आलं, आणि त्या दिवशी ते फुंकायला गाडीत बसले नाहीत.

भाद्रपदात परवाना परत आला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी सप्ताहाची समाप्ती. महाराजांचं सकाळचं काल्याचं कीर्तन खांडबाऱ्याला आणि संध्याकाळचं धानोऱ्याला. त्यांना आणायला ठरवलेल्या गाडीचा क्लच ऐन वेळी गेला. दुपारी चुनीलालनाना समितीची चार माणसं घेऊन आप्पांच्या अंगणात आले. अपमान गिळताना माणसाचा चेहरा कसा दिसतो हे आप्पांना आता आरशामुळे ठाऊक होतं. नानांचा अगदी तसा दिसत होता.

"भिला, महाराजस्ले तूच लई ये बाबा."

आप्पांना भरून आलं. टोपी, उपरणं, परवाना खिशात. गाडीत बसले, छाती भरली, फुंकले. लाल दिवा. आरती.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. "देवाशपथ सांगस, मी काहीच..." आणि मग त्यांना आठवलं. जेवणानंतर धनुबाईंनीच वैद्यांचं द्राक्षासव दिलं होतं, भूक लागत नाही म्हणून, एक चमचा. त्यालाच काय ते फुंकणी आरती ओवाळत होती.

"इतलंच ना?" नाना पुढे झाले. "धनुवहिनी फुंकतीन, तू चालव. नई तं मी... नई, मी नको. वहिनीच फुंकू द्या."

इतका सोपा उपाय होता. गेले तीन आठवडे गावातला कुणीही कुणाच्याही नावाने फुंकू शकला असता. फुंकणीला माणूस ओळखता येत नव्हता, वास तेवढा येत होता. आप्पा नळीकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली काढली.

"नई नाना. भाग्येशनं सांगेल शे, चूळ भरीसन पंधरा मिनिटं थांबानं. औषधना वास जास. तवसामा महाराज बसतीन."

"आनि नई गया तं?"

"नई गया तं मी जाऊ नई."

नाना कपाळाला हात लावून मांडवाकडे गेले. माणसं पांगली. आप्पा गाडीच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने समोर पाण्याचा तांब्या आला. धनुबाई उभ्या होत्या.

आप्पांनी चूळ भरली. एकदा, दोनदा. पंधरा मिनिटं म्हणजे किती लांब असतात, हे ज्याला बायकोसमोर काही बोलायचं असतं आणि जमत नसतं त्यालाच ठाऊक. कीर्तनात पूर्वरंग असतो, मग नामाचा गजर, श्रोते तयार होतात आणि मग महाराज मूळ कथेला हात घालतात. आप्पांना ना पूर्वरंग सुचत होता ना गजर. त्यांनी एकदम उत्तररंगालाच हात घातला.

"एक नव्हता," ते म्हणाले. "चार व्हतात. तीन दिधात, चौथा मी मांगी लिधा."

धनुबाईंनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"अजून शे. खांडबाराना अलीकडे वळन शे ना, चिंचनं झाड? तठे एक बाई डोकावर मोळी लई जाई ऱ्हायंती. माले दिसनीच नई. जव्हय दिसनी तव्हय गाडी तिना जोडे. ती नालामा पडनी. मोळी मी आरशामा देखी, रस्तावर." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी थांबनू नई. पुढे नाकावर पोलिसस्नी धरं, तव्हय माले बरं वाटनं. कोनी तरी धरं म्हनीसन."

धनुबाई त्यांच्याजवळ पायरीवर बसल्या. बराच वेळ मांडवातून कुणीतरी माइक तपासत असलेला आवाज येत होता, हॅलो, हॅलो.

"ती बाई कशी शे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नई."

"चार महिना व्हयनात."

"माहीत नई," आप्पा पुन्हा म्हणाले, आणि या वेळी ते त्या दोन शब्दांइतके लहान झाले होते.

धनुबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला, पलीकडचं दार उघडलं आणि गाडीत बसल्या. पुढे नाही, मागे. "फुंका," त्या म्हणाल्या. "पहिले चिंचनं झाड. महाराज थांबतीन."

दिवा हिरवा लागला. वाटेत आप्पा चाळीसच्या वर गेले नाहीत आणि बैलगाड्यांनाही वाट देत राहिले.

वळणावर चिंचेखाली एक बाई काकड्यांचे दोन टोपले घेऊन बसली होती. आप्पा उतरले. ती तीच का, हे त्यांना ओळखता आलं नाही. चेहरा त्यांनी तेव्हा पाहिलाच नव्हता, ही गोष्ट त्यांच्या आता ध्यानात आली. त्यांनी हात जोडून विचारलं, वैशाखात इथं एक मोळीवाली बाई पडली होती, ती कुठे राहते.

"कशाला पाहिजे?" बाई म्हणाली.

"ती गाडी माझी होती. मी प्यायलो होतो. पळून गेलो."

बाईने त्यांच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. डाव्या पायाचा घोटा तिने लुगड्याखालून पुढे घेतला. तो उजव्यापेक्षा जाड होता. "दोन महिने बाजाराला गेले नाही," ती म्हणाली. "पोरगी मोळ्या नेत होती. मी रोज म्हणायची, त्या गाडीवाल्याची गाडी जळो."

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावला, त्या सुजऱ्या घोट्याला. बाईने पाय झटकला नाही, आणि माफही केलं नाही. "आता काय," ती म्हणाली. "आज बाजार आहे. वडापची जीप येईना अजून. टोपले उचल."

टोपले मागे धनुबाईंच्या शेजारी चढले. बाई पुढच्या सीटवर बसली, ज्या सीटची आप्पांनी तीन महिने वाट पाहिली होती तिच्यावर. आप्पांनी नळी तोंडात धरून फुंकलं, हिरवा दिवा लागला.

"हे काय?"

"दारू प्यायली असेल तर गाडी चालू होत नाही."

बाईने त्या दिव्याकडे असं बघितलं जसं बाजारात लबाड तराजूकडे बघतात. "दिव्याचं मला सांगू नको," ती म्हणाली. "इकडे तोंड कर. माझ्याकडे फुंक."

आप्पा वळले. शंखाचा, आरतीचा, पोलिसांपुढचा सगळा दम विसरून त्यांनी लहान मुलासारखं हळूच फुंकलं. बाईने नाक पुढे केलं, हुंगलं आणि कपाळाला आठी घातली.

"येतो की वास! मोहाचा नाही. गोड काहीतरी. किती घेतलं?"

आप्पांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तो शब्द त्यांना उच्चारवेना. खरा असूनही उच्चारवेना.

मागून, काकड्यांच्या टोपल्यांमधून, धनुबाईंचा आवाज आला.

"एकच चमचा शे माय. औषधना. मन्हा हातनी दिधा मी."

बाई वळून धनुबाईंकडे बघत राहिली. बाईने बाईकडे जितका वेळ बघायचा तितका वेळ बघितलं. मग ती नीट सरकून बसली आणि दुखरा पाय पुढे पसरला.

"तू म्हणते तर ठीक," ती म्हणाली. "चल रे."